शिह घराण्यातले पुरुष

"गेला," डॉक्टर को म्हणाले, आणि वान-तेंगला वाटलं, कुणीतरी मेलं. त्यानं विचारलंसुद्धा, "कोण?" डॉक्टर हसले. त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "व्हायरस, काका. तुमच्या काविळीचा. रक्तात सापडतच नाहीये. चूक नको म्हणून मी दोनदा तपासून घेतलं. औषधाशिवाय आपोआप जाणारा वर्षाला शंभरात एखादा असतो. अडुसष्टाव्या वर्षी लॉटरी लागली म्हणायची." पोटावर सोनोग्राफीचा जेल अजून गार लागत होता. तो पुसायला नर्सनं कागद हातात दिला आणि म्हणाली, "काकूंना सांगा हं, खूश होतील. बाहेरच बसल्यात ना?" वान-तेंग म्हणाला, "हो." बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. पण दुरुस्त करावंसं वाटलं नाही. आ-मानला, त्याच्या बायकोला, जाऊन चौदा महिने झाले होते. ती काओशिउंग शहरातल्या मोठ्या इस्पितळात वारली, त्यामुळे कांगशानच्या ह्या छोट्या दवाखान्यात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मधल्या काळात त्याच्या दोन तारखा चुकल्या होत्या, तेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तारखा ती लक्षात ठेवायची. त्यानं सदऱ्याची बटणं लावली, एक चुकलं, परत काढून लावली. "दारू नाही, सिगरेट नाही, वजन बेताचं," डॉक्टर म्हणत होते, "वर्षातून एकदा आलात तरी पुरे आता. काकूंनी छान सांभाळलंय तुम्हाला."

बाहेर येऊन तो स्कूटरपाशी उभा राहिला. किल्ली हातात होती, पण लावली नाही. आनंद व्हायला हवा होता. ज्या गोष्टीला तो सव्वीस वर्षं भ्याला ती गोष्ट संपली होती. समोर नटबोल्टच्या कारखान्यांची रांग होती, त्यातल्याच एकात त्यानं चौतीस वर्षं काढली होती, आणि तेलाचा ओळखीचा वास येत होता. पोटात मात्र रिकामं रिकामं वाटत होतं. दात काढल्यावर जीभ सारखी त्या जागेकडे जाते, तसं त्याचं मन उजव्या बरगडीखाली जाऊन येत होतं. तिथं काही नव्हतं. त्याचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. अंग हळदीसारखं पिवळं, पोट टरारून फुगलेलं, आणि शेवटचे आठ दिवस ते मुलाला ओळखत नव्हते. मोठा भाऊ वान-फू चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याला तर कळल्यापासून सातव्या आठवड्यात उचलला. चुलते दोघं, तेही पन्नाशीच्या आत. गल्लीत लोक म्हणायचे, शिहांच्या घरात मुलगी द्यायची तर विधवेच्या कपड्यांसकट द्यावी. वान-फूचे दिवस झाले त्या दुपारी आईनं वान-तेंगला आणि आ-मानला पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे बोलावलं. उदबत्ती लावली आणि सुनेकडे बघून म्हणाली, "एवढा एकच उरलाय. ह्याला मरू देऊ नकोस." वान-तेंग तेव्हा बेचाळीस वर्षांचा बाप्या होता, दोन पोरांचा बाप, पण आई त्याच्याविषयी असं बोलली जणू तो खोलीत नव्हताच. आ-मान म्हणाली, "बरं." ती एवढंच म्हणायची. पाचवी मुलगी, म्हणून बापानं नाव मान ठेवलेलं, म्हणजे पुरे झालं. घरात तिनं कधी जास्त जागा घेतली नाही.

तेव्हापासून दर तिसऱ्या आणि नवव्या महिन्यात ती त्याला घेऊन यायची. घेऊन यायची असं म्हणणंही खरं नाही. ती पहाटे एकटी निघायची, दवाखान्याच्या शटरपुढे पहिली किंवा दुसरी उभी राहायची, नंबर घ्यायची, आणि हा साडेनऊला पेपर वाचून, दाढी करून यायचा. दर रविवारी ती नदीच्या शिंपल्यांचं सूप करायची, आलं घालून. लिव्हरला चांगलं असतं म्हणून. शिंपल्या रात्रभर पाण्यात ठेवून माती काढायची, सकाळी मंद आचेवर दोन तास, आणि मग पांढरट पाण्याचा वाडगा त्याच्यापुढे. शिंपल्यांतलं मांस ती सोयसॉसमध्ये घालून स्वतः खायची. त्यात आता काही राहिलेलं नसतं, असं त्याला एकदा म्हणाली होती, पण टाकायचं कशाला. कारखान्यातले लोक त्याची चेष्टा करायचे. "आ-तेंगला बायको नाही मिळाली, नर्स मिळाली." त्याला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. आपण मौल्यवान आहोत असं वाटायचं. हे त्यानं कबूल केलं नसतं, पण खरं ते होतं. ज्या घरात पुरुष मरतात त्या घरात जिवंत पुरुषाला एक मान असतो, आणि तो त्यानं सव्वीस वर्षं भोगला.

आणि बायका? शिहांच्या बायका मरत नसत. त्याची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन गेली. तिच्या रक्तातही तोच व्हायरस होता. सगळ्या मुलांना तो तिच्याकडूनच आला होता, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. नवरा, दोन दीर आणि थोरला मुलगा असे चारजण तिनं पोचवले, आणि स्वतः शेवटपर्यंत डुकराचं पिल्लू विकत घ्यावं तशी प्रत्येक भाजी उलटून पालटून घासाघीस करत राहिली. आ-मानची आई त्र्याण्णवची. तिचेही दोन मुलगे लिव्हरनं गेले. त्यामुळे कुणी शिकवावं लागलं नाही, सगळ्यांना आपोआप ठाऊक होतं की हा पुरुषांचा आजार आहे. धाकट्या मुलाच्या वेळी आ-मानचं रक्त तपासलं होतं. त्या सुमाराला बाळांना लस टोचायला नुकतीच सुरुवात झाली होती. नर्सनं सांगितलं, आईच्या रक्तात काविळीचा व्हायरस आहे, बाळाला आजच्या आज लस द्यायला हवी. दिली. तो मुलगा वाचला, अजूनही त्याचं रक्त स्वच्छ आहे. त्या संध्याकाळी बाळंतिणीच्या खाटेपाशी वान-तेंगची आई तिळाच्या तेलातल्या कोंबडीचं भांडं घेऊन बसली होती. आ-मान जरा घाबरली होती. तिनं विचारलं, "मग मला काही होईल का?" सासू हसली. "बाईला काय व्हायचंय? बाई नुसती पुढं देते. खा, गार होतंय." वान-तेंग तिथंच उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. पुढं अडतीस वर्षं त्यानं ते परत आठवून पाहिलं नव्हतं.

वान-फू गेल्याच्या पुढच्या वर्षी देवळाच्या पटांगणात फुकट तपासणीचं शिबिर होतं. तंबू, टेबलं, आणि लाउडस्पीकरवर एक माणूस ओरडत होता, चाळिशीवरचे पुरुष पुढे या, पुरुष पुढे या. सोनोग्राफीचे बिल्ले दीडशेच होते. आ-मान अंधारात जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन बिल्ले आणले, माणशी दोन मिळत होते. एक वान-तेंगला. दुसरा तिच्या हातात होता, आणि रांगेत मागे वान-तेंगचा आतेभाऊ होता, त्याला मिळाला नव्हता. वान-तेंगनंच म्हटलं होतं, "त्याला दे की." तिनं दिला. आतेभाऊ म्हणाला, "वहिनी, उपकार झाले," आणि ती लाजली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आज पहिल्यांदा, दवाखान्यासमोरच्या उन्हात, स्कूटरची किल्ली धरून उभं असताना वान-तेंगला तो बिल्ला दिसला. पिवळा, गोल, मधोमध भोक. नंबर दिसत नव्हता.

आ-मानचे तळहात लाल असायचे. कडेनं, अंगठ्याच्या उंचवट्यावर, गुलाबी लाल. ती पॅकिंगमध्ये होती, दिवसभर स्क्रू निवडायची, त्यामुळे असेल असं वाटायचं. तो कौतुकानं म्हणायचा, "म्हातारी झालीस तरी हात पोरीचेच आहेत." ती हात मागे घ्यायची. नंतर काओशिउंगच्या डॉक्टरनं तिचा हात उलटा करून शिकाऊ मुलांना दाखवला, हे बघा, लिव्हरचा तळहात, हे कितीतरी वर्षांपासून असणार. वान-तेंग पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यालाच दाखवल्यासारखं त्याला वाटलं. तोवर लिव्हरमधली गाठ नऊ सेंटिमीटरची झाली होती. वर्षभर ती पँटचं इलॅस्टिक सैल करत होती आणि म्हणत होती, वय झालं, पोट सुटलं. त्या डॉक्टरला त्यानं विचारलं होतं, आवाज चढवून, "पण हे तर पुरुषांना होतं ना?" डॉक्टर दमलेला होता. तो म्हणाला, "पुरुषांना तिप्पट-चौपट जास्त होतं, आणि लवकर होतं. बायकांना पाळी आहे तोवर थोडं संरक्षण असतं. पाळी गेली की तेही कमी होत जातं. बायकांना होत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. तीच तर गोष्ट होती.

आणि मग एकदम त्याच्या डोक्यात मुलगी आली. वेन-च्यी. धाकट्याच्या चार वर्षं आधीची, लस यायच्या आधीची. त्रेचाळीस वर्षांची. आईकडून आलं असणार, नक्कीच आलं असणार. तिचं रक्त कधी कुणी तपासलं? चौदा महिन्यांत, कर्मकांडं झाली, राख ठेवली, कपडे वाटले, त्यानं मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःचं भय होतं तोवर दुसऱ्याचं भय मावायला जागाच नव्हती की काय कोण जाणे. आता जागा झाली होती. त्यानं स्कूटर सुरू केली. मुलीचं गाव, च्याओतो, पंधरा मिनिटांवर होतं. वाटेत दोन सिग्नल लागले आणि दोन्ही ठिकाणी तो मनातल्या मनात मुलीशी भांडला. ती नाही म्हणेल. आजी त्र्याण्णव वर्षं जगली असं म्हणेल. तर आपण म्हणायचं, तुझी आई चौसष्ट. ती म्हणेल वेळ नाही. तर आपण म्हणायचं, नंबर मी काढतो, पहाटे मी उभा राहतो, तू फक्त ये. ऐकलं नाही तर पाया पडायचं. बापानं मुलीच्या पाया पडू नये, पण पडायचं. तिला ह्याच आठवड्यात त्या पलंगावर आडवं करायचं. दुसरं काही त्याला नको होतं.

वेन-च्यीचं केस धुण्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन. एका खुर्चीत ग्वो आजी डोकं फेसात माखून बसली होती. आरशातूनच तिनं वान-तेंगला पाहिलं. "या, या! केस कापायला आलास होय रे? आहेत कुठं पण?"

"आजी, डोळे मिटा, साबण जाईल," वेन-च्यी म्हणाली. मग बापाकडे बघून, "बाबा? फोन नाही केलात ते."

"सहज आलो."

"सहज कोण येतंय ह्या उन्हात," ग्वो आजी म्हणाली. "एकटा पुरुष दुपारचा लेकीकडे येतो तो जेवायलाच. माझा दीर तसाच. बायको गेली आणि पठ्ठ्याला घड्याळ कळायला लागलं. बरोब्बर बाराला हजर."

"तुमची तब्येत बरी आहे ना, आजी?" वान-तेंग म्हणाला.

"माझ्या तब्येतीचं काय, मी मरायला विसरलेय. तूच वाळलायस."

वेन-च्यी हसत होती. तिची बोटं फेसात फिरत होती, आणि वान-तेंग तिच्या हातांकडे बघत होता. हात फेसानं पांढरे झाले होते, काही कळत नव्हतं. ती बेसिनशी गेली, आजीचं डोकं मागं टेकवलं, पाणी सोडलं. फेस वाहून गेला. तळहात ओले, पाण्यानं सुरकुतलेले. लाल होते का? गरम पाण्यानं कुणाचेही होतात. तो मान वाकडी करून बघायला लागला तेव्हा ती म्हणाली, "काय झालं? काय शोधताय?" तो म्हणाला, काही नाही, आणि जुनं मासिक उचललं. अर्धा तास त्यानं एकच पान उघडं धरलं.

ग्वो आजी केस फुगवून, आरशात दोनदा बघून, "लेकीला त्रास देऊ नकोस, भांडी घासून जा," असं सांगून गेली. वेन-च्यीनं काचेचं दार ओढून घेतलं आणि टॉवेल गोळा करू लागली. वान-तेंग वाटेत जुळवलेलं सगळं विसरला. तो म्हणाला, "तू रक्त तपासून घे."

ती थांबली. "कसलं?"

"आईचं जे होतं ते. तुला असणार. तू लसीच्या आधीची. सोनोग्राफीपण करायची. मी नंबर काढतो. उद्या. परवा. तू म्हणशील तेव्हा. बायकांना होत नाही हे खोटं आहे, च्यी. कमी होतं एवढंच. नाही म्हणू नकोस."

तिनं टॉवेल मशीनमध्ये टाकले, झाकण लावलं. मग आत गेली. फ्रीजवरचा पत्र्याचा डबा घेऊन आली, उघडला आणि त्याच्यापुढे धरला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, रबरबँडमध्ये, आणि एक घडी घातलेलं कार्ड. "सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज सकाळी एक. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मागच्या महिन्यातच झाली. काही नाही निघालं."

त्यानं कार्ड उघडलं. तारखा होत्या, ओळीनं, एकही गाळलेली नव्हती. तो ग्वो आजीच्या खुर्चीत बसला. खुर्चीचा पाठीकडचा भाग ओला होता. पोरगी वाचली होती. निदान आज वाचली होती. तो म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"आईनं. माझ्या छोटीच्या बाळंतपणात माझं रक्त तपासलं तेव्हाच निघालं. तेव्हापासून तिनं माझा पिच्छा पुरवला. तारीख आली की आठ दिवस आधी फोन. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली, तुम्हाला झोप लागायची नाही."

"आणि ती?"

"ती काय?"

"ती स्वतः का नाही गेली?"

वेन-च्यीनं डबा परत घेतला. झाकण नीट बसत नव्हतं, ती ते दाबत राहिली. "तुम्हाला खरंच ऐकायचंय, बाबा?"

"सांग."

"सहा वर्षांपूर्वी मी तिचं नाव घातलं होतं काओशिउंगला. माझ्याच डॉक्टरकडे. मंगळवार होता. ती तयार झाली होती, मी स्टेशनवर थांबले होते. आणि तिचा फोन आला, आज बाबांची तारीख आहे, विसरलेच होते, ते एकटे जात नाहीत. मी म्हटलं, एक दिवस जाऊ दे की त्यांना एकटं. ती म्हणाली, विचारलं मी. तू नाही आलीस तर मीही जात नाही म्हणतात." तिनं श्वास घेतला. "म्हणाली, पुरुषाचं आधी बघायला हवं, ते पटकन जातात, माझं पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात तुमचा मोतीबिंदू निघाला. मग काहीतरी. मग मीच कंटाळले. माझंही चुकलं. मला वाटलं, आजी त्र्याण्णवची झाली."

वान-तेंगला तो मंगळवार आठवला. विसरला असता तर बरं झालं असतं. तो मोरीत दाढी करत होता. ती दारात उभी होती, निळ्या ब्लाउजमध्ये, चांगल्या चपला घालून, आणि म्हणाली होती, "आज तुम्ही एकटे जाऊन याल का?" कुठं चाललीस असं त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं वस्तरा पाण्यात हलवला होता आणि म्हटलं होतं, "मग राहू दे. मीही जात नाही." रागानं नाही. लाडात. त्याला तिनं आग्रह करायला हवा होता, आणि ती करेल हे ठाऊक होतं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग तिनं चपला बदलल्या. दवाखान्यात त्या दिवशी सगळं ठीक निघालं आणि परत येताना त्यानं तिला शेंगदाण्याची मिठाई घेऊन दिली. ती म्हणाली, छान आहे. हे सगळं त्याच्याकडे होतं, इतकी वर्षं, नुसता एक बरा गेलेला दिवस म्हणून ठेवलेलं.

"तिनं मला काही म्हटलं का? शेवटी?" त्यानं विचारलं.

"तुमच्याबद्दल? नाही. बाबांची तारीख चुकवू देऊ नकोस म्हणाली. ते मी केलं नाही. मला तुमचा राग आला होता." ती हे सरळ बोलली, टॉवेलांच्या मशीनकडे बघत. "अजून आहे थोडा."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "माझं गेलं आज. रक्तात नाही म्हणाले. अजिबात."

वेन-च्यीनं त्याच्याकडे पाहिलं. ती रडेल असं त्याला वाटलं, किंवा ओरडेल, आणि दोन्हीला तो तयार होता. ती म्हणाली, "बरं झालं." खोटं नव्हतं त्यात काही.

"पुढची तारीख कधीय तुझी? मी येऊ? बाहेर बसेन."

"कशाला? मी एकटी जाते, बाबा. तासाभरात होतं. मला सवय आहे." आणि ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग लसणाचा वास. थोड्या वेळानं तिनं आतून हाक मारली, "या, जेवून घ्या."

टेबलावर भात होता, रताळ्याचा पाला, तळलेला मासा आणि सोयसॉसमध्ये शिजवलेली अंडी. तो बसला. गळ्याखाली घास उतरणार नाही असं त्याला वाटलं, उतरू नये असंही वाटलं. पण मासा खमंग झाला होता आणि सकाळपासून, तपासणीसाठी म्हणून, त्यानं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पहिला घास गेला, मग दुसरा. त्याचं शरीर त्याला न विचारता जेवत होतं, चावत होतं, गिळत होतं, अडुसष्ट वर्षांचं धडधाकट शरीर. वेन-च्यी समोर बसून स्वतःचं अंडं चॉपस्टिकनं कापत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. त्याचा वाडगा रिकामा झाला. तो थोडा वेळ तसाच धरून बसला. मग त्यानं तो पुढे केला, आणि मुलीनं त्यात आणखी भात वाढला.